दोन क्लच, पायाखाली एकही नाही

सोमवार, ५ तारीख, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी सध्या सहाच अंगांचा धर. कंबर आणि उजवा गुडघा रजेवर आहेत, त्यांचा नमस्कार मागाहून पाठवतो.) तुझी तब्येत बरी असेल. गुडघ्यांना तेल चोळतेस की बाटली नुसती खिडकीत उन्हाला ठेवतेस? भाऊजींचा खोकला कसा आहे? मागच्या खेपेला तो फक्त बाजारात जायची वेळ झाली की यायचा, तेव्हा काळजीचं कारण नसावं. इकडे आम्ही सगळे खुशाल. ही बरी आहे, तिचा आवाजही बरा आहे. आपली बारकी (सदतीस वर्षांची झाली, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि ड्रायव्हिंग स्कूलचा सगळा कारभार बघते, पण माझी लेक म्हणून घरात अजून बारकीच) कामात बुडालेली असते. आणि मी उत्तम आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण बारकीने तुला फोन करून काही सांगितलं असण्याची शक्यता आहे. तिने जे सांगितलं ते खरं असेल, पण ज्या सुरात सांगितलं असेल तो सूर बरोबर नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू पाचव्या वाक्याला 'बरं, मग?' म्हणतेस, आणि भाऊजी फोन स्पीकरवर टाकून मागून हसतात. माझी हकिगत पाच वाक्यांत मावणारी नाही आणि तिच्यात हसण्यासारखंही काही नाही. शिवाय पत्र सुरू झालं की समोरच्याला मधे बोलता येत नाही. शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला हा प्रकार मानवतो.

तर मुद्दा असा की स्कूलमध्ये नवी गाडी आली आहे. गेली दोन वर्षं येणारा प्रत्येक जण दारातच विचारायचा, ऑटोमॅटिक शिकवता का? मी म्हणायचो, आम्ही गाडी शिकवतो. मग तो मान डोलावून रस्ता ओलांडायचा आणि समोर टोपीवाल्यांच्या स्कूलमध्ये नाव नोंदवायचा. (टोपीवाले अजून तसेच आहेत. टोपीही तीच आहे. तुझी चौकशी करतात, पण ती तुझ्यापर्यंत पोचवायला मी काही पोस्टमन नाही.) शेवटी बारकीने मला न विचारता, म्हणजे विचारून पण उत्तराची वाट न बघता, ही गाडी आणली. रंग राखाडी, दारं चार आणि गिअरबॉक्सला दोन क्लच. दोन क्लच म्हटल्यावर मला वाटलं, गाडी माझ्यासाठीच बनवली आहे. एकतीस वर्षं मी एका क्लचवर निम्मं गाव शिकवलं, दोन मिळाल्यावर काय बहार होईल. आत बसून खाली बघतो तर पायाशी एकही नाही. दोन्ही क्लच गाडीने आपल्या पोटात ठेवून घेतले आहेत आणि ते कधी सोडायचे, कधी धरायचे, हे तिचं तीच ठरवते.

बारकीने समजावलं ते असं. एक क्लच पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या गिअरचा. दुसरा क्लच दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्याचा. आपण तिसऱ्यात चालत असतो तेव्हा गाडीने चौथा आधीच काढून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो आणि मधे झटका म्हणून बसत नाही. ऐकायला छान वाटतं. पण मी असे विद्यार्थी पाहिले आहेत. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचे, बरोबर द्यायचे, आणि मला ते कधीच आवडले नाहीत. आता ज्यांना गिअर आपल्याच हाताने टाकायची हौस आहे त्यांच्यासाठी स्टिअरिंगच्या मागे दोन पाती बसवली आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. लोक त्यांना पॅडल म्हणतात, मी कान म्हणतो. उजवा कान ओढला की गिअर वर जातो, डावा ओढला की खाली येतो. (गाडीला न पटणारा गिअर मागितला तर ती बारीक शिट्टी वाजवते आणि देत नाही. आणि थोडा वेळ आपण कान ओढले नाहीत तर सगळा कारभार गुपचूप परत स्वतःकडे घेते. घरात याची सवय असल्याने मला त्याचं विशेष वाटलं नाही.)

खरी गोष्ट पुढेच आहे. ऑटोमॅटिक गाडीवर शिकवायचं असेल तर शिकवणाऱ्याने आधी स्वतः त्या गाडीवर परीक्षा द्यायची, असा परवाना कार्यालयाचा नवा नियम निघाला आहे. साहेब शेजारी बसणार आणि मी चालवणार. बाजार, सर्कल, उलटं पार्किंग आणि शेवटी पाण्याच्या टाकीचा चढ. (तोच चढ. तुझा क्लच लवकर सुटला, गाडी बंद पडली, मी जरा स्पष्ट बोललो, तू दार उघडून उतरलीस, उशी काखोटीला मारून चालत घरी गेलीस आणि दुसऱ्या दिवसापासून टोपीवाल्यांकडे शिकायला लागलीस. अठ्ठावीस वर्षं झाली, आज तो विषय नको.) परीक्षेची तारीख बावीस, गुरुवार, सकाळी दहा. बारकी मागच्या महिन्यात पहिल्या फटक्यात पास झाली. मी पास झालो तर नव्या गाडीत शिकवणाऱ्याची खुर्ची माझी. नापास झालो तर जुनी गाडी वर्षअखेरीला निघणारच आहे, मग माझी खुर्ची म्हणजे ऑफिसातली, पंख्याखालची, फॉर्म भरायची. बारकी म्हणाली, "बाबा, ऑफिसलाही अनुभवी माणूस लागतोच की." हे तिने इतक्या प्रेमाने म्हटलं की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ताई, तुला म्हणून सांगतो, त्या खुर्चीची मला भीती वाटते. एकतीस वर्षं मी घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसत आलो. तिथून उठवल्यावर कुठे बसायचं हे मला खरोखर माहीत नाही.

पण ती वेळ येणार नाही, कारण तयारी जोरात आहे.

पहिला धडा बारकीनेच दिला. मी उजवीकडे, ती डावीकडे. सीट वर करायचा दांडा बाजूला असतो, तो मी शेवटपर्यंत हलवला, सीट जेवढी वर जाते तेवढी नेली, तरी बॉनेटचं टोक काही दिसेना. (आपल्या घराण्याची उंची तुला माहीतच आहे. तू तेव्हा घरून उशी घेऊन यायचीस आणि मी म्हणायचो, ताई, गाडी चालवायची आहे, झोपायचं नाही. तो विनोद तेव्हा चांगला होता.) गाडी सुरू झाली, निघाली, आणि वीस पावलं गेल्यावर माझा डावा पाय क्लच शोधायला उठला. क्लच नव्हता. पण रिकाम्या हाताने परत यायची त्याला सवय नाही, त्यामुळे जे पेडल सापडलं ते त्याने तळापर्यंत दाबलं. ते ब्रेकचं होतं. या गाडीचा ब्रेक फार मनाला लावून घेतो. आम्ही दोघं काचेकडे असे वाकलो की समोरून येणाऱ्यांना वाटलं आम्ही नमस्कार करतोय. बाजार संपेपर्यंत हे आठ-नऊ वेळा झालं आणि त्यातल्या दोघांनी उलट नमस्कारही केला. गावात अजून माणुसकी आहे.

यावर मी स्वतः उपाय काढला. दुसऱ्या दिवशी हिचा जुना मफलर घेतला आणि डावा पाय घोट्याशी सीटखालच्या दांडीला बांधून टाकला. (बारकी तेव्हा मागे वळून पट्टा शोधत होती, तिला दिसलं नाही.) पाय शांत राहिला. फक्त ती दांडी सीट मागे-पुढे करायची होती हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. सिग्नलला पाय सवयीने उचलला गेला, दांडी त्याच्याबरोबर उचलली गेली आणि मी सीटसकट मागे गेलो. हात स्टिअरिंगवर तसेच होते, फक्त ते आता बरेच लांब वाटत होते. बारकी काही रागावली नाही. ती म्हणाली, "छान. आता फक्त थोडं सावकाश." ताई, हे वाक्य माझं आहे. ते मी एकतीस वर्षं अशा माणसांना म्हणत आलोय ज्यांच्या शेजारी बसताना माझा पाय ब्रेकवरून हलायचा नाही. 'चुका सगळ्यांच्याच होतात', 'आपल्याला घाई नाही', 'रस्त्याकडे बघा, माझ्याकडे नको', हा सगळा माल मीच तिला शिकवला आहे. तिने एकेक वाक्य काढलं की मला बरोबर कळायचं, आज मी किती वाईट चालवतोय. पोटच्या पोरीकडून शिकण्यात ही एक मोठी अडचण आहे.

म्हणून मी एकट्याने सराव करायचं ठरवलं, आणि कानांची विद्या तर मी दोन दिवसांत आत्मसात केली. सरळ रस्त्यावर माझ्याइतक्या सफाईने कान ओढणारा माणूस तुला सापडणार नाही. सर्कलवर मात्र गाडी बनवणाऱ्यांची एक चूक उघडकीला आली. हे कान स्टिअरिंगलाच चिकटलेले असल्याने त्याच्याबरोबर फिरतात. सर्कलला वळताना स्टिअरिंग अर्धं फिरलं की उजवा कान डावीकडे जातो आणि डावा उजवीकडे येतो. मी शिस्तीत उजव्या हाताचा कान ओढला, गिअर वर जायच्याऐवजी खाली आला आणि इंजिन असं ओरडलं की सर्कलवरची कबुतरं उडाली. दुसरा शोधायला गेलो तर हाताला वायपरचा दांडा लागला. कडक उन्हात वायपर चालू, इंजिन तापलेलं, आणि स्टिअरिंग सरळ केल्याशिवाय कान जागेवर येत नाहीत, पण सरळ केलं तर कडेच्या दुकानात जातो. अशा परिस्थितीत शहाणा माणूस फिरत राहतो. मी चार फेऱ्या मारल्या. माझ्या मागे दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या (माझ्याच विद्यार्थिनी, सहा वर्षांपूर्वीच्या, हात फार स्थिर). त्यांनीही माझ्यामागे तीन फेऱ्या मारल्या. नंतर फोन करून अदबीने विचारलं की सर, तिथे काही नवा नियम आलाय का. सर फिरताहेत म्हणजे काहीतरी कारण असणार, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, सध्या कच्चा आहे, पक्का झाला की कळवतो. असा विश्वास कमवायला एकतीस वर्षं लागतात, ताई. तो पंख्याखाली बसून टिकत नाही.

मग आला आठ दिवसांपूर्वीचा रविवार. (बारकीच्या फोनचा विषय बहुधा हाच असावा.) तोपर्यंत मी इतका तयार झालो होतो की हिला शेजारी बसवून घड्याळजीकडे गेलो. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं, ते घेतलं, हिच्या मांडीवर ठेवलं आणि परत निघालो. डावा पाय सीटखाली दुमडून ठेवला होता, कान ओढत नव्हतो, सगळं गाडीवर सोपवलं होतं आणि आमचा प्रवास इतका सुरळीत चालला होता की ही एकदाही दाराच्या वरची मूठ धरून बसली नाही. निवृत्त न्यायाधीशांच्या बंगल्यापाशी आलो आणि त्यांचं पांढरं कुत्रं फाटकातून निघून रस्त्याच्या मधोमध येऊन बसलं. आता लक्ष देऊन वाच. मी अजिबात गोंधळलो नाही. मी तत्काळ, पूर्ण ताकदीने, उजव्या पायाने उजवं पेडल दाबलं. गाडी पुढे गेली. मला वाटलं पुरेसं दाबलं नाही, म्हणून आणखी दाबलं. गाडी आणखी पुढे गेली. कुत्र्याला वाचवायला स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि आम्ही न्यायाधीशांच्या झुडपांच्या कुंपणातून आत गेलो. (सरळ गेलो. कुंपणाला पडलेलं भगदाड तू पाहशील तर तुलाही मान्य करावं लागेल की ते गाडीच्या मापाचं आहे, बोटभरही जास्त नाही.) आत गेल्यावर माझा डावा पाय कोणालाही न विचारता सीटखालून निघाला, क्लच समजून त्याने डावं पेडल दाबलं, आणि तो ब्रेक असल्याने गाडी थांबली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबले तर ही गाडी ब्रेकचं ऐकते. तिच्याबद्दल मी आजवर जे बोललो त्यातलं निम्मं त्या क्षणी मागे घेतलं.

न्यायाधीश हिरवळीवर खुर्ची टाकून वाचत बसले होते. बंपर आणि त्यांची खुर्ची यांच्यात दोन हात अंतर असेल. त्यांनी चष्म्यावरून गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हिच्या मांडीवरच्या घड्याळाकडे, आणि म्हणाले, आत आलाच आहात तर पाणी घ्या. फार सभ्य माणूस. कुत्रं फाटकातून परत आत आलं आणि माझ्या बुटांचा वास घेऊन निघून गेलं. त्याला काहीही झालेलं नाही. घड्याळ मात्र पुन्हा बंद पडलं. हिने ते हलवून कानाला लावून बघितलं. पाण्याचा पेला खाली ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही अजून डावीकडेच बसलेले आहात."

ताई, या बाईने कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण जे बारकीला, मला आणि गाडी बनवणाऱ्यांना कळलं नाही ते तिला कळलं. शिकाऊ गाडीत शिकवणारा डावीकडे बसतो आणि त्याच्या पायाशी त्याची स्वतःची दोन पेडलं असतात. डावं क्लचचं, उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर त्याला दिलेला नसतो. (वेग शिकणाऱ्याचा, अक्कल शिकवणाऱ्याची, अशी ती वाटणी आहे.) एकतीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, समोर काहीही आडवं आलं की माझ्या उजव्या पायाने दोनातलं उजवं पेडल दाबलं आणि माणसं वाचली. आता या गाडीतही पायाशी दोनच पेडलं आहेत. पण इथे डावं ब्रेकचं आहे आणि उजवं ॲक्सिलरेटरचं. म्हणजे ज्या सवयीने मी गाव वाचवलं तीच सवय आता मला लोकांच्या बागेत नेते. घरी येऊन आठवायला बसलो की उजवीकडे बसून मी स्वतः शेवटची गाडी कधी चालवली. घरापासून स्कूल चालत चार मिनिटांवर, परगावी जायचं तर बस. आठवेना. जे काम मी निम्म्या गावाला शिकवलं ते मी स्वतः फार थोडं केलं आहे, हे सहासष्टाव्या वर्षी कळणं बरं वाटत नाही. परीक्षेला शेजारी साहेब बसणार आणि समोर कुत्रंच येईल असं नाही, माणूसही येऊ शकतो.

पण यावरही उपाय सापडला आहे आणि तो उत्तम चालला आहे. स्वयंपाकघरात खुर्ची टाकली आहे. पायाशी डावीकडे कुकरचं झाकण, तो ब्रेक. उजवीकडे पिठाच्या डब्याचं झाकण, तो ॲक्सिलरेटर. मी डब्याच्या झाकणावर उजवा पाय ठेवून बसतो, ही ओट्याशी पाठमोरी काम करत असते आणि मनात येईल तेव्हा 'कुत्रं' म्हणते. ती म्हणाली रे म्हणाली की मी उजवा पाय उचलून कुकरच्या झाकणावर आणतो. आज सकाळपर्यंत शंभर कुत्री झाली. त्यातली एकोणनव्वद वाचली. उरलेली अकरा आठवून ही मधूनच माझ्याकडे वळून बघते. एकदा तिने 'कुत्रं'च्या जागी 'न्यायाधीश' म्हणून बघितलं, ते वाचले.

एकूण काय, तर काळजीचं काहीही कारण नाही. बावीस तारखेला मी पास होणार, यात मला शंका नाही. कुंपणाच्या भगदाडात मी स्वतः पाच रोपं लावून दिली आहेत आणि न्यायाधीशांनी ती सरळ ओळीत आहेत असा अभिप्राय दिला. गाडीचा पुढचा दिवा बदलून आला आहे. भाऊजींना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या खोकल्याला आशीर्वाद. लहानांना पापे, मोठ्यांना जे चालेल ते. पत्र हसत वाचू नकोस, सावकाश वाच.

तुझा धाकटा भाऊ
(मुक्काम सध्या उजवीकडे)

ता. क. कुंपणाचं बारकीला माहीत आहे. सर्कलच्या चार फेऱ्यांचं आणि मफलरचं माहीत नाही. फोनवर बोलताना तेवढं सांभाळ.

ता. क. २. लिहायचं राहिलंच. तू आठ-दहा दिवस इकडे येऊ शकशील का? तुझ्या आताच्या गाडीलाही हेच दोन क्लच आणि हेच कान आहेत ना? भाऊजी सांगत होते की टेकडीचा उतार उतरताना तू डावा कान ओढून गिअर खाली आणतेस आणि ब्रेकला पायही लावत नाहीस. बारकी म्हणते, आत्यासारखं चालवणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. (हे वाक्य वर तीन ठिकाणी लिहिता आलं असतं, तिन्ही वेळा टाळलं.) तेव्हा ये, आणि बसने येऊ नकोस, गाडी घेऊन ये. तू गाडी शिकलीस तेव्हापासून अठ्ठावीस वर्षांत मी तुझ्या एकाही गाडीत बसलेलो नाही, बस मिळाली, पाय मोकळे करायचे होते, असं दरवेळी काहीतरी सांगत आलो. या वेळी बसेन. पहिले दोन दिवस तू चालव, मी डावीकडे बसून नुसतं बघेन आणि काहीही बोलणार नाही. मग आपण जागा बदलू, आणि तुला जे बोलायचं असेल ते बोल. चढावर बोललो होतो तसं स्पष्ट बोललीस तरी चालेल.

ता. क. ३. हिने पत्र वाचलं. म्हणते, 'काहीही बोलणार नाही' हे खोडा, ताईंना उगाच आशा लावू नका. मी खोडलं नाही.

ता. क. ४. पाकीट बंद करून परत उघडलं आहे. तो विषय आज नको असं वर लिहिलं, पण तो काढल्याशिवाय तुला बोलावणं बरं नाही. त्या दिवशी टाकीच्या चढावर तुझा क्लच लवकर सुटला नव्हता. तू अगदी बरोबर सोडत होतीस. मागे ट्रक येऊन उभा राहिला, मी घाबरलो, आणि माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबून धरला होता. गाडी त्यामुळे बंद पडली, ती मी पाडली. तू उतरून चालायला लागलीस तेव्हाही माझा पाय त्याच ब्रेकवर होता, आणि हे मला तेव्हाच कळलं होतं. माझं चुकलं, ताई.

ता. क. ५. येताना ती उशी आण. मला लागणार आहे.